भरतीच्या वेळेने घेतलेली सुट्टी

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन झालं की लोक समुद्राकाठची बामणघळ बघायला जातात. काळ्या कातळाला पडलेली ही एक खोल चीर. भरती जोरात असली की लाट त्या चिरेत घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. गेल्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. शेजारच्या गाडीतून उतरलेल्या काकूंनी ती ओली फट पाहिली आणि यजमानांना विचारलं, "हेच का ते?" दोन फोटो काढून ती मंडळी निघाली. संध्याकाळपर्यंत त्यांना अजून तीन ठिकाणं 'करायची' होती. आम्ही मात्र मुक्कामालाच होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी भरतीला पुन्हा गेलो आणि घळ कशासाठी प्रसिद्ध आहे ते कळलं.

कोकणातल्या आपल्या बहुतेक सहली त्या काकूंसारख्याच होतात. तीन दिवसांत पाच किनारे, चार देवळं, एक किल्ला. घरी परतल्यावर आठवतात ती घाटातली वळणं आणि मागच्या सीटवर मुलांना झालेल्या उलट्या. मला वाटतं, समुद्राकाठी जायचं तर एकच गाव धरावं, तीन-चार रात्री तिथेच राहावं आणि दिवस भरती-ओहोटीला लावून टाकावा.

एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा होते. यावरूनच जुन्या माणसांचा हिशेब बसलेला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईला बराचसा जुळतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी येते, तेव्हा रत्नागिरीच्या बाजूला तासाभराचा फरक धरावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी खूप वर चढतं, खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ही हालचाल सर्वांत कमी.

हे एकदा मुलांना सांगितलं की कालनिर्णय त्यांच्याच हातात राहतो. ओहोटीला पुळणीवर गेलं तर हरभऱ्याएवढे खेकडे बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडताना दिसतात. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं वेचून उरलेल्या वाळूची ते गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीत सगळी नक्षी पुसली जाते आणि नंतरच्या ओहोटीला ते नव्याने सुरुवात करतात. आमची आठ वर्षांची मुलगी यापुढे तासभर उकिडवी बसली होती. तिला उठवून कुठे न्यायचं नव्हतं, हेच त्या दिवसाचं सुख.

दुपारी बाहेर पडूच नये. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलटे समुद्राकडे जातात. शाळेत पाठ केलेला हा धडा माडाखालच्या बाजेवर पडून अंगावर घेता येतो. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी झाल्यावर तर दुसरं काही सुचतही नाही.

एक मात्र मनापासून सांगते. सुट्टीत घरातल्या बाईच्या हाती चहाचं भांडं आणि मुलांच्या ओल्या कपड्यांचा ढीग तसाच राहिला, तर ती सुट्टी बाकीच्यांची झाली, तिची नाही. घरगुती खानावळीत जेवा, टॉवेल ज्याचे त्याने वाळत घाला. आमच्या सासूबाईंनी गुहागरला सलग तीन सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. अशी सुट्टी त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. ओहोटीचं पाणी आत ओढतं, आणि वरून शांत दिसणाऱ्या जागीच ओढ असू शकते. गाडी पुळणीवर नेऊ नका. ती रुतते, खेकड्यांची बिळं चिरडते आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत काही किनाऱ्यांवर वाळूखाली कासवांची अंडीही असतात.

आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर पौर्णिमा गाठा. त्या संध्याकाळी ओहोटी असते, पुळण सर्वांत रुंद असते आणि ओली वाळू पायाला घट्ट लागते. समोर सूर्य पाण्यात बुडतो त्याच सुमारास पाठीमागे माडांच्या वर चंद्र आलेला असतो.