आगबोटीतील पाच दिवस

ज्यांच्या दारी समुद्र आहे, त्यांना आगबोटीच्या प्रवासाचे अप्रूप वाटत नसेल; परंतु आम्ही शेवगावकर पडलो अवर्षणाच्या मुलखातील. नळाला पाणी येण्याच्या पाळीवर ज्यांच्या दिवसाचा क्रम ठरतो आणि पैठणच्या नाथसागराचे फुगलेले पाणी पाहूनच ज्यांनी सागरदर्शनाचे समाधान मानावे, त्यांनी चार रात्री समुद्रावर केवळ मौजेखातर काढाव्यात, ही गोष्ट मला प्रथम चेष्टेचीच वाटली. पण चिरंजीवांनी आम्हां उभयतांच्या विवाहास चाळीस वर्षे झाली म्हणून तिकिटे आधीच काढून ठेवली होती. त्यांची किंमत ऐकून मला माझ्या नोकरीतील पहिल्या काही वर्षांचा सारा पगार आठवला व मी साफ नकार दिला.

नकाराला मी शास्त्राचाही आधार जोडला. बौधायनाने समुद्रप्रयाणास पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आहे. पुढील निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत घातले. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना बंगालमधील सेरामपूर येथे भर सभेत आपल्या जाण्याची कारणे सांगावी लागली होती, हेही मी ऐकविले. चिरंजीवांनी शांतपणे विचारले, "बाबा, आनंदीबाईंच्या बाजूचे तुम्ही की सभेतल्या लोकांच्या?" जन्मभर मुलांना आनंदीबाईंचा धडा शिकविणाऱ्याने यावर काय उत्तर द्यावे?

तरीही मी नमलो नसतो; परंतु इतका वेळ माजघरात वाती वळीत बसलेल्या मातोश्री मध्येच म्हणाल्या, "मी येते. मुंबईच्या बंदरातून बाहेर पडते ना ती बोट?" मातोश्रींचे वय पंच्याऐंशी. त्यांचे माहेर पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, रेवस बंदरापासून काही कोसांवर. वडील लहानपणीच गेल्यामुळे नगरच्या मावशीने त्यांना वाढविले आणि तेथूनच त्या शेवगावास सून म्हणून आल्या. माहेरचा विषय त्या क्वचितच काढीत. त्या येतो म्हणाल्यावर वाद संपला.

याप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीस आम्ही सात माणसे मुंबईस बोटीवर चढलो: मातोश्री, मी, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडे. बोटीचे नाव मी सांगत नाही. तिची जाहिरात करण्याचा वा तिच्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. बोट कसली, दहा-बारा मजल्यांचे ते एक तरंगते शहरच! नाटकगृह, दुकाने, जुगाराचे दालन, मद्यालये, पोहण्याचे तलाव, सर्व एकाच छताखाली. आमच्या खोल्या मात्र काटकसरीच्या, म्हणजे आतल्या अंगास, बिनखिडकीच्या होत्या. मातोश्री आत पाऊल टाकताच म्हणाल्या, "ही तर आपली धान्याची कोठी!"

बोट सुटण्यापूर्वी सर्व उतारूंना संकटकाळच्या कवायतीसाठी बोलावले जाते. भोंग्याचे सात आखूड व एक लांब असे आवाज झाले, की नेमलेल्या ठिकाणी जमावयाचे आणि तरणपट्टा कसा बांधावयाचा ते शिकावयाचे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नियमांतूनच ही शिस्त आली. पूर्वी ही कवायत निघाल्यापासून चोवीस तासांत केली तरी चाले. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, तेव्हा काही उतारूंची कवायत व्हावयाची होती. त्यानंतर, बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती झालीच पाहिजे, असा नियम २०१५ पासून लागू झाला.

आमच्या भोवतालचे लोक हसत-खिदळत एकमेकांची छायाचित्रे घेत होते. मातोश्री तेवढ्या एकाग्र होत्या. त्यांनी एक तरणपट्टा मागून घेतला, दोन्ही बंद स्वतः आवळले, शिटी कोठे आहे ते पाहिले आणि नंतर तो काढून देण्यास नकार दिला. कवायत घेणारा तरुण दापोलीकडील निघाला. त्याने मराठीत विचारले, "आजी, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा. पण बंदराबाहेर पडेपर्यंत असू दे अंगावर." त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि वरच्या सज्जावर डाव्या हाताच्या कठड्यापाशी त्यांना खुर्ची आणून दिली.

सायंकाळी बोट हलली. वर गाणी-बजावणी सुरू झाली. नातवंडे तिकडे धावली. मातोश्री डावीकडे, रेवस-मांडव्याच्या किनाऱ्याकडे पाहत बसल्या होत्या. मावळतीचे ऊन त्या डोंगरांवर पडले होते. मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "काशाचा खडक कुठे आला असेल रे?" मला सांगता आले नाही. त्या दापोलीच्या तरुणाने हाताने दिशा दाखविली. मातोश्रींनी हात जोडले, तो किनारा अंधारात बुडाल्यावर तरणपट्टा सोडून मजजवळ दिला आणि म्हणाल्या, "चल, आता जेवू."

पुढील दिवसांतील बरेवाईट आता थोडक्यात सांगतो. प्रथम चांगले. पहाटे उठून वर जावे, तो चोहोंकडे जमिनीचा मागमूस नाही. पाण्याचे एक अखंड वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी आपण! क्षितिज हा शब्द मी पस्तीस वर्षे शिकविला. तो पुरता पाहिला असा या पहाटेच. दुसरे आश्चर्य पाण्याचे. बोटीवर समुद्राचेच पाणी घेऊन, त्याची वाफ करून ती थंड करतात किंवा अतिसूक्ष्म पडद्यांतून ते दाबाने गाळतात आणि गोडे पाणी तयार करतात. खारट महासागराच्या मध्यावर नळ चोवीस तास वाहत आहे, हे पाहून सौभाग्यवतींनी सवयीने पहिल्या दिवशी दोन बाटल्या भरून ठेविल्या! सौभाग्यवतींना झालेला आनंद मात्र मला अंतर्मुख करून गेला. चाळीस वर्षे "आज काय करू?" असे विचारणाऱ्या बाईने प्रथमच "आज काय आहे?" असे विचारले. चुलीपुढून उठवून तिला पाच दिवस कोठे नेण्याचे मला इतक्या वर्षांत कधी सुचले नव्हते.

आता वाईट. तिकिटात सर्व काही आले, असे आम्ही समजत होतो. परंतु सेवेचा आकार निराळा, इंटरनेट निराळे, काही पेये व खाद्ये निराळी, असे करीत खर्च वाढत गेला आणि चिरंजीवांचा चेहरा उतरत गेला. रात्री उशिरापर्यंत वाद्यांचा गोंगाट. दुसऱ्या दिवशी बोट डोलू लागताच सूनबाई व नात यांस बोट लागली. आपले डोळे सांगतात की खोली स्थिर आहे आणि कानांच्या आतील तोलाचे इंद्रिय सांगते की ती हलते आहे. या विसंवादातून मळमळ होते. म्हणून बिनखिडकीच्या खोलीत पडून राहणे हा उलटाच उपाय. मोकळ्या हवेत, बोटीच्या मध्यभागी बसून क्षितिजाकडे पाहावे, असे त्या दापोलीच्या तरुणाने सांगितले, तेव्हा त्यांना आराम पडला. आणखी एक गोष्ट मला खुपली. शेवगावच्या घरी आमची दोन वेळची पंगत एकत्र बसते. येथे ज्याला जे हवे ते जेव्हा हवे तेव्हा मिळत असल्याने सात माणसे सात ठिकाणी! चिरंजीव सुट्टी काढून आले खरे, पण भ्रमणध्वनीवर त्यांची कचेरी बरोबरच आली होती. बापलेकांत याबद्दल दोन शब्दही झाले.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप यावयाचे होते. हा छत्तीस बेटांचा समूह. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर व वस्ती केवळ दहा बेटांवर. प्रवाळांच्या कड्यामुळे आतले पाणी उथळ असते. म्हणून मोठी बोट दूर उभी राहते आणि उतारूंना लहान होड्यांतून नेतात. आमच्या कोकणातही आगबोटीच्या काळी अनेक बंदरांत उतारू याचप्रमाणे पडावांतून किनाऱ्यास लागत. परंतु त्या सकाळी लाटा मोठ्या होत्या. होड्यांत उतरणे धोक्याचे आहे, म्हणून बेटाची फेरी रद्द झाल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. एकच हलकल्लोळ उडाला. लोक कप्तानास दोष देऊ लागले, पैसे परत मागू लागले. ज्या निळ्या पाण्यासाठी आलो ते समोर दिसत आहे आणि तेथे जाता येत नाही, म्हणून नातू रडू लागला. चिरंजीवही भांडणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.

तेव्हा मातोश्रींनी त्यांना हाक मारली. "अरे, नको म्हणणारा कप्तान मिळाला हे भाग्य समज," त्या म्हणाल्या, आणि आम्हां सहाही जणांना भोवती बसवून, जे मी सहासष्ट वर्षांत ऐकले नव्हते ते सांगू लागल्या.

१७ जुलै १९४७. गुरुवार, आषाढी अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्यास २९ दिवस उरले होते. त्यांचे वडील मुंबईस एका पेढीवर कारकून होते. सणासाठी ते सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत बसले. कोकणच्या या देशी आगबोटींना संतांची नावे असत. पण सागराने संतांचीही भीड धरली नाही. 'तुकाराम' १९२७ सालीच बुडाली होती. पावसाळी समुद्र खवळलेला. बोट सुटून सुमारे अर्धा तास झाला असेल-नसेल, तोच काशाच्या खडकाजवळ ती एका अंगास कलली आणि पाहता पाहता उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस बातमी कळण्यास दुपार उजाडली.

"आईने आणि मी सकाळपासून घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले होते," मातोश्री सांगत होत्या. "संध्याकाळी बाबा आल्यावर पूजा करायची होती. ते दिवे तसेच राहिले. चार दिवसांनी कोणीतरी ते उचलून फळीवर ठेवले." वडिलांचा देह सापडला नाही. पुढे पळसाच्या काड्यांची प्रतिमा करून तिला अग्नी दिला. सात वर्षांच्या मुलीस कोणी काही समजावून सांगितले नाही. बाबांऐवजी बाहुला का जाळतात, असे तिने विचारले, तेव्हा कोणीतरी तिला बाहेर नेले.

माझी मान खाली गेली. आमच्या घरी आषाढी अमावास्येस दिव्यांची पूजा होत नाही. तो आमचा कुळाचारच असावा अशी माझी समजूत होती आणि विचारणाऱ्यांना मी तसे सांगतही असे! शिवाय प्रतिवर्षी पितृपक्षात मी मातामहांचे नाव-गोत्र उच्चारून तिलांजली देतो. आजोबा बोटीच्या अपघातात वारले, एवढे मला ठाऊक होते. कोणती बोट, कोणता दिवस, हे मी कधी विचारले नाही. नाव-गोत्राचा उच्चार शुद्ध व्हावा याची मात्र काळजी घेत आलो.

त्या दिवसापासून आमची पंगत पुन्हा एकत्र बसू लागली. चौथ्या दिवशी मोक्षदा एकादशी होती. साबुदाणा मिळेना, तेव्हा त्या दापोलीच्या तरुणाने मातोश्रींसाठी उकडलेले बटाटे, दाणे व केळी आणून दिली. पाचव्या दिवशी सकाळी बोट मुंबईजवळ आली. मातोश्रींनी विचारले, "येथे तिलांजली देता येईल का रे?" दौहित्रास अधिकार आहेच, परंतु बोटीवरून समुद्रात काहीही टाकण्यास मनाई असते. मातोश्री म्हणाल्या, "नियम मोडून काही नको. नियम मोडल्यानेच माणसे बुडतात." तेव्हा स्नान करून मी खोलीतच ताम्हनात तर्पण केले. नाव-गोत्र नेहमीचेच होते, पण या खेपेस कंठ दाटून आला. ते जल बाटलीत भरून आणले व पुढे पैठणास गोदावरीत सोडले.

आता ज्या वाचकांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. तिकिटात काय येते व काय येत नाही, हे लेखी विचारून घ्यावे. बरोबर वृद्ध किंवा मुले असतील तर खिडकीची, शक्यतो मधल्या भागातील खोली घ्यावी. उपासाचे पदार्थ हवे असल्यास आधी कळवावे. ठरलेले बेट दिसेलच अशी खात्री बाळगू नये. आणि कवायतीच्या वेळी हसू नये.

पुन्हा जाल का, असे लोक विचारतात. चिरंजीव खर्चाकडे पाहून गप्प बसतात. सौभाग्यवती तत्काळ होय म्हणतात. मातोश्री म्हणतात, "माझे काम झाले." यंदा आषाढी अमावास्येस सकाळी मी शाळेच्या एका कामासाठी बाहेर गेलो होतो. परत आलो तो मातोश्री ओसरीवर बसून नातसुनेकडून चिंच मागवीत होत्या आणि समोर घरातील सर्व समया, निरांजने व लामणदिवे मांडलेले होते. सायंकाळी आमच्या घरी दिव्यांची पूजा झाली.