चालताना पोटरी का धरते?

उल्हासनगरात जीन्सच्या शिलाई मशीनवर दिवस काढणारे, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीभर उभे असणारे, बदलापूरहून लोकलमध्ये उभ्याने मुंबई गाठणारे आपल्या घराघरांत आहेत. पाय दुखले की आपण थकवा समजून तेल चोळतो. पण प्रत्येक दुखणे थकव्याचे नसते.

पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर साचला की त्या अरुंद होतात. मग चालताना पोटरी धरते आणि थांबले की मोकळी होते. ही मोठी खूण. तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही मुख्य कारणे. तंबाखूमुळे होणारा बर्जरचा आजार तर तरुणांचीही बोटे कापायला लावतो.

फार वेळ उभे राहिल्याने शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात. मात्र एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा गार आणि फिका पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मधुमेहात पाय बधिर होतात, जखम कळत नाही. वुजूत आपण पाय धुतोच. तेव्हा तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहून कोरड्या कराव्यात. गरम पाणी आधी कोपराने तपासावे. अब्बा-अम्मींना वाकता येत नसेल, तर त्यांचे पाय आपण पाहावेत.

दंडाच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करणारी साधी, न दुखणारी चाचणी असते. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर धमनी अरुंद झाल्याचा संशय घेतात. डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारू या आणि तंबाखूची पुडी आजच टाकून देऊ या.