गोंगाटातील बांधणी

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ‘थ्रॅश मेटल’ हे संगीत आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मुलाच्या बंद खोलीत वाजते, आणि वडील मंडळींच्या कानी पडते ती दाराबाहेर येणारी धडधड. त्या धडधडीवरून आपण निकाल देऊन मोकळे होतो. आज आपण आत जाऊन बसू.

‘थ्रॅश’ म्हणजे झोडपणे. खळ्यावर तूर झोडपतात त्या क्रियेचा इंग्रजी शब्द मुळात याच शब्दाचा सख्खा भाऊ होय. १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत कॅलिफोर्नियातील तरुणांनी इंग्लंडच्या हेवी मेटलचा भारदस्त आवाज आणि पंक संगीताचा उतावळा वेग एकत्र आणला, त्यातून हा प्रकार जन्मास आला. ‘मेटॅलिका’ या चौघांच्या वाद्यवृंदाने १९८५ साली कोपनहेगन येथे मुद्रित केलेली आणि मार्च १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ही तबकडी त्यातील एक अव्वल कृती. गीते आठ, अवधी सुमारे पंचावन्न मिनिटे.

ती ऐकावी कशी? प्रथम स्वर पाहू. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकातून त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की लहरींचे माथे छाटले जातात आणि त्यांतून नवे उपस्वर उमटतात. अशा खरखरीत अनेक स्वर एकदम छेडले तर नुसता चिखल होतो. म्हणून हे वादक बहुधा मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच घेतात. आपला तानपुरा षड्ज-पंचमावरच उभा असतो, हे येथे आठवावे.

नंतर हात. सतारीवर ‘दा’ आणि ‘रा’ असे दोन दिशांचे आघात असतात. या तबकडीच्या शीर्षकगीतात जेम्स हेटफील्ड मिनिटास दोनशेहून अधिक मात्रांच्या गतीत बहुतेक सारे आघात वरून खालीच करतो. त्यामुळे प्रत्येक घाव सारख्या वजनाचा पडतो. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून तो नाद दाबतो, म्हणून घाव सुटा ऐकू येतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर ज्यांनी ताल धरला असेल त्यांना हा ठसका परका वाटू नये.

तिसरी गोष्ट लयीची. गाण्याच्या कडव्यात दर चौथे आवर्तन किंचित आखूड आहे; सम अपेक्षेआधी येते आणि ऐकणारा ठेचकाळतो. साडेतीन मिनिटांच्या सुमारास हे वादळ थांबते, गिटारी स्वच्छ स्वरांत बोलू लागतात, आणि मग पुन्हा चढण सुरू होते. एवढी आखणी गोंगाटात नसते.

ही ठेच उगाच नाही. या गीतात बोलणारा माणूस नसून व्यसन आहे. मी धनी, तू कळसूत्री बाहुली, अशी त्याची भाषा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनात दारूवर तुटून पडत. तेथे साधू व्यसनाला दटावतो, येथे व्यसनच उन्मत्तपणे आपली सत्ता गाजवते. मार्ग निराळे, पण दाखवावयाची गुलामी तीच. इतर गीतांत युद्धात खर्ची पडणारा सैनिक आहे, आणि धर्माच्या नावाने पैसा गोळा करणारा दांभिकही आहे.

‘ओरायन’ या गीतात शब्दच नाहीत. त्यात क्लिफ बर्टन याच्या खर्जातील गिटारीकडे कान द्यावा. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी स्वीडनमध्ये बस उलटून हा चोवीस वर्षांचा वादक गेला.

१९८६ सालीच मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला, आणि २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिकाने बंगळुरात कार्यक्रम केला. म्हणजे हे वारे आपल्या देशात नवे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहासाठी ही तबकडी निवडल्याचे जाहीर केले. मेटल संगीतातील तो पहिला मान.

हे संगीत आवडलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. नावड हा रसिकाचा हक्क आहे. मात्र तो ऐकल्यानंतर बजावावा. घरी गेल्यावर मुलाला आवाज कमी करावयास सांगण्यापूर्वी एक गाणे त्याच्याजवळ बसून ऐका, एवढेच माझे मागणे आहे.