मोसंबी वाळली, पण कडवंचीची द्राक्षं तगली! असं काय केलं होतं या गावानं?

2012 चा पावसाळा जालना जिल्ह्याला कोरडा गेला. 2013 च्या उन्हाळ्यात जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडी तलाव आटला. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. मोसंबीचं झाड धरायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे बाग गेली की नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही.

जालना तालुक्यातल्या कडवंचीत मात्र द्राक्षबागा तगल्या.

कडवंचीनं काय केलं?

1990 च्या दशकात जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्रासोबत गावानं पाणलोटाचं काम केलं. बांध घातले, पाणी जमिनीत मुरवलं. पुढे प्लॅस्टिक अंथरलेली शेकडो शेततळी झाली. पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्यात ठिबकनं बागेला मिळालं. म्हणजे तयारी दुष्काळाच्या कितीतरी वर्षं आधीची होती.

अर्थात, नुसती शेततळी खोदून भागत नाही. विहिरीचं पाणी उपसून ती भरली, तर शेजाऱ्याची विहीर आटते. आधी पाणी मुरवायचं, मग साठवायचं.

दुकानदारानं यातून काय घ्यायचं?

संकट दरवेळी सारखं नसतं. सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं हाहाकार उडवला. म्हणून व्यवसाय कुठलाही असो, ही तयारी हवीच:

1. धंदा कशावर अडतो? स्टीलच्या कारखान्याचं वीज आणि पाण्यावाचून चालत नाही. बियाण्यांच्या दुकानाचा जीव कोरड्या गोदामात असतो. आधी ती गोष्ट ओळखा, मग तिची दुसरी सोय लावा.

2. उधारीची वही वाचवा. वही भिजली की वसुली बुडाली. दर आठवड्याला पानांचे फोटो काढा. परवाने, बिलं, विम्याची कागदपत्रंही ऑनलाइन ठेवा.

3. माल उंचावर ठेवा. पावसाळ्यात पोती थेट फरशीवर नकोत.

4. विमा नीट वाचा. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती घेता येते. आग, पूर, भूकंपानं इमारत, यंत्रं, मालाचं झालेलं नुकसान त्यात येतं. पाणी नाही म्हणून धंदा बंद राहिला, तर त्याची भरपाई त्यात मिळत नाही.

5. हाताशी पैसे ठेवा. विम्याचे पैसे लगेच हातात पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि कामगारांचा पगार बाजूला असेल, तर माणसं टिकतात. माणसं टिकली तर दुकान पुन्हा उघडतं.

सुरुवात आजच करता येईल. दुकान बंद करायच्या आधी उधारीच्या वहीचे फोटो काढा. त्याला दहा मिनिटं लागतील आणि खर्च शून्य.