उभ्या गाडीलाही भूक लागते!

पोर्शे ९११चं इंजिन मागे असतं आणि बॅटरी पुढच्या झाकणाखाली, हे गाडीवेड्या मंडळींना माहीतच असेल. पण या गाडीच्या ९९७ या पिढीत एक गंमत आहे. पुढच्या झाकणाचं कुलूप विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी पार उतरली की झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत पोहोचता येत नाही! मग करायचं काय? त्यासाठी आत पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक टर्मिनल दिलंय. तिथे बाहेरून वीज द्यायची, तेव्हा कुठे झाकण उघडणार.

एवढी सोय का करावी लागली? कारण अशा गाड्या धावतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. रविवारी सकाळी एक चक्कर, की पुन्हा महिनाभर कव्हरखाली. फेरारीसारख्या गाडीसोबत तर बॅटरी चार्ज ठेवणारं उपकरणच मिळतं.

आता म्हणाल, आमच्याकडे कुठली पोर्शे न् फेरारी? खरंय. पण तुमची बाइक? हॉस्टेलला आल्यापासून ती गावी अंगणात उभी आहे, किंवा परीक्षेचा महिनाभर पार्किंगमध्ये धूळ खातेय. तिचं दुखणं अगदी तेच आहे.

बंद गाडी वीज खाते कशी?

चावी काढली म्हणजे सगळं बंद, असं आपल्याला वाटतं. पण घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारं लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळे जागेच असतात. कारमध्ये अशी ५० मिलीअँपिअरपर्यंतची गळती साधारण ठीक मानली जाते. आकडा किरकोळ वाटतो ना? मग गणित करा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर निम्मी गेली! बाइकची गळती याहून खूप कमी, पण तिची बॅटरीही छोटीच. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून नुसते ५ मिलीअँपिअर गळत राहिले, तरी महिन्यात जवळपास निम्मी खाली. शिवाय बॅटरी काही न जोडताही आपली आपण थोडी उतरते आणि उन्हात हा वेग वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आठवा.

खरा घोळ यापुढे आहे. लेड-अॅसिड बॅटरी उतरताना आतल्या शिशाच्या प्लेट्सवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते निघून जातं. पण आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात, आणि मग कितीही चार्ज करा, बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. मोबाइल शून्यावर गेला की आपण चार्जरला लावतो आणि विसरतो. इथे तसं नाही. इथे शून्यावर गेलेली बॅटरी जायबंदी होऊन परत येते.

‘जरा चालू करून ठेवा’

घरी फोन करून आपण बाबांना किंवा धाकट्या भावाला हेच सांगतो. तेही बिचारे पाच मिनिटं गाडी सुरू ठेवतात आणि बंद करतात. त्यातून फार तर त्या एका स्टार्टला लागलेली वीज भरून येते. तीन आठवड्यांत झिरपलेली वीज पाच मिनिटांत कुठून येणार? त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास रस्त्यावर चालवा. टायर आणि ब्रेकही मोकळे राहतील.

मग काय करायचं?

पार्किंगमध्ये प्लग असेल तर कारसाठी स्मार्ट चार्जर उत्तम. बॅटरी भरली की तो आपोआप हात आखडता घेतो आणि कमी झाली की पुन्हा देतो, त्यामुळे महिनाभर लावून ठेवला तरी चालतो. आपोआप न थांबणारा साधा चार्जर मात्र असा सोडून जाऊ नका. बॅटरीतलं पाणी आटतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो एका ठिणगीनेही पेट घेतो, म्हणून चार्जिंग नेहमी मोकळ्या हवेत. बॅटरी लिथियमची असेल तर तिला तिचाच चार्जर लागतो, वरचं लेबल वाचा.

प्लग नसेल तर बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, काढून ठेवा. गळती तिथेच थांबते. काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी. गाडीची बॉडी निगेटिव्हलाच जोडलेली असते. आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. कारमध्ये घड्याळ आणि काचांची सेटिंग्ज पुन्हा करावी लागतात, तेवढा त्रास सोसा. आणि हो, झाकणाचं कुलूप विजेवर असेल तर झाकण पूर्ण बंद करू नका!

बाइकची बॅटरी काढून बॅटरीवाल्याकडे द्या आणि हळू चार्ज करायला सांगा. करंट क्षमतेच्या साधारण एक दशांश हवा, म्हणजे ८ अँपिअर-तासांना ०.८ अँपिअर.

तब्येत कळायला कॉलेजच्या लॅबमधल्यासारखा मल्टीमीटर पुरे. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवलं तर बॅटरी भरलेली. १२.४च्या खाली गेलं की चार्जिंगला लावा. १२च्या आसपास असेल तर आजच!

‘बंद पडली तर धक्का मारू’ हा जुना भरवसाही आता फारसा कामाचा नाही. अनेक नव्या बाइकना किकच नसते आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर चालतो. बॅटरी पार मेली असेल तर घामच निघेल, गाडी निघणार नाही. आणि रात्री दोन वाजता घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तेव्हा बटण दाबल्यावर नुसतं ‘टिक टिक’ ऐकू आलं तर?

सुट्टी संपवून हॉस्टेलला निघाल की बॅग भरण्याआधी दहा मिनिटं काढा. एक पाना घ्या, काळी वायर सोडवा, तिचं टोक कापडात गुंडाळून ठेवा. आणि ती परत कशी लावायची, ते घरातल्या एकाला तरी दाखवून जा.