बस्त्यातला सूट

ठाण्याच्या रेमंड लोकर गिरणीला 2025 मध्ये शंभर वर्षे झाली. गिरणी कधीच बंद पडली, तिच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले. उरले ते नाव. सह्याद्रीच्या कुशीतल्या राजुरात या शताब्दीची फारशी कुणी दखल घेतली नसेल. पण अकोले तालुक्याच्या डांगाणात ऐंशीच्या दशकात ज्या घरांत लग्ने झाली, त्यातल्या काही घरांच्या पत्र्याच्या पेट्यांत गिरणीचे नाव असलेली कापडाची किनार अजून सापडेल. कोटाला कसर लागली, पँट केव्हाच फाटली, तरी बोटभर रुंदीची ती पट्टी टाकून द्यायला हात धजत नाही.

आता त्याच घरांतला नवरदेव सूट शिवत नाही. शेरवानी भाड्याने येते आणि हळद उतरायच्या आत परत जाते. ती कुणाच्याच मापाची नसते. पाठीमागून टाचण्या मारून अंगावर बसवतात, म्हणजे समोरून फोटो चांगला येतो. जन्मातला सगळ्यात मोठा दिवस दुसऱ्याच्या मापाच्या कपड्यात काढायचा, ही गोष्ट मनाला लागते. कारण याच मुलाच्या वडिलांच्या वेळी गावातल्या शिंप्याने छातीला टेप लावला होता आणि आकडा वहीत लिहून घेतला होता.

पन्नास-साठच्या दशकांतले इथे सांगण्याजोगे थोडेच आहे. धोतर, सदरा, टोपी. मास्तर किंवा तलाठी असेल तर धोतरावर काळा कोट. रेमंडने 1958 मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये पहिले दालन थाटले, त्याचे राजूरला सोयरसुतक नव्हते. पुढे टेरिकॉट आले, बेलबॉटम आली आणि गेली.

ऐंशीचे दशक मात्र वेगळे होते. आश्रमशाळांतून आणि वसतिगृहांतून शिकलेली महादेव कोळी, ठाकर घरांतली मुले शिक्षक झाली, वनखात्यात लागली, एसटीत लागली. घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार येऊ लागला, आणि लग्नाच्या यादीत देवक, मानपान, भांडी यांच्या जोडीला ‘नवरदेवाचा सूट’ हा शब्द आला. तोवर लोकरीचे कापडही आवाक्यात येत चालले होते. रेमंडने 1979 मध्ये जळगावला कारखाना काढला. शुद्ध लोकरीऐवजी 55 टक्के पॉलिएस्टर आणि 45 टक्के लोकर असे टेरिवूल दुकानांत मिळू लागले. ते स्वस्त होते, चुरगळत नव्हते आणि पावसाळी हवेत जरा अधिक टिकत होते.

बस्ता बांधायला राजूरची माणसे संगमनेरला जात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, एक जाणता मामा आणि स्वतः नवरदेव. दुकानात पांढऱ्या गादीवर बसायचे, चहा यायचा, आधी शालू, मग मानाची लुगडी, आणि सगळ्यात शेवटी सूटपीस. दुपटी पन्ह्याचे तीन-सव्वातीन मीटर कापड लागे. जाणता मामा कापड मुठीत घट्ट दाबून सोडायचा आणि सुरकुती किती वेळात उलगडते ते बघायचा. तेवढ्यावर समाधान झाले नाही तर कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात भुरभुरली तर लोकर. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. शेतात राबणाऱ्या माणसांची ही पारख एखाद्या कापड दलालाच्या तोडीची होती. आज लेबलावरची किंमत वाचून माणसे कोट घेतात, तेव्हा ती पारख गेल्याचे दुःख होते.

खरे काम पुढे, शिंप्याकडे. छाती, पोट, कंबर, सीट, खांदा, बाही, उंची, हे आकडे मापवहीत उतरायचे. शेजारी सूटपीसचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला असायचा आणि त्याखाली लग्नाची तारीख. शिंपी गिऱ्हाइकाला सरळ उभे राहा म्हणून सांगत नसे. ते कसे उभे राहते हे तो गुपचूप बघायचा, कारण ओझी वाहून ज्याचा एक खांदा उतरला आहे त्याच्या कोटात त्या बाजूला भरण जास्त घालावे लागते. मग कच्च्या टाक्यांवर जोडलेला, बाही नसलेला कोट अंगावर चढवून ट्रायल. खडूच्या रेघा, तोंडात टाचण्या, ‘हात वर करा, आता खाली.’ आतून कॅनव्हास आणि बकरम हाताच्या टाक्यांनी बसवायचे, वरून कोळशाची जड इस्त्री फिरवून छातीला गोलाई आणायची. शिवणीत माया सोडायची ती चांगली इंच-दीड इंच. पुढे पोट सुटले तर उसवून सैल करता येई, आणि कोट धाकट्या भावाला गेला तर त्याच्याही मापाचा होई.

त्या कोटाला शहरातली माणसे हसली. नाटकांत, चित्रपटांत, विनोदी लेखनात गावाकडच्या नवरदेवाचा सूट हा वर्षानुवर्षे हुकमी विनोद होता: ढगळ खांदे, तळहातावर आलेली बाही, गळ्यात फास लागल्यासारखा टाय. हा हिशेब एकदा चुकता करायलाच हवा. हसणाऱ्यांना हे दिसले नाही की ज्या माणसाच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचे उतरलेले कपडे घातले, त्याच्यासाठी कुणीतरी पहिल्यांदाच टेप हातात घेतला होता. 2015 मध्ये ‘सूट-बूट की सरकार’ ही घोषणा गाजली आणि सूट म्हणजे धनदांडग्यांचा पोशाख हे पुन्हा एकदा पक्के झाले. संसदेतल्या भांडणात ते शोभले असेल. डांगाणात सूट हा धनिकांचा कधीच नव्हता. तो पहिल्या पगाराचा होता.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागू नये. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला गांधीजी पंचा नेसून गेले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीट बेतलेला सूट घालून. गरिबाने गरीबच दिसले पाहिजे, ही अपेक्षा बाबासाहेबांच्या कोटाने मोडीत काढली. गावोगावच्या पुतळ्यांच्या अंगावर तो कोट आजही आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातल्या वस्तूंबरोबर त्यांचे कपडेही जपून ठेवले आहेत. तिथे जाणाऱ्या माणसाने ते जरूर पाहावेत.

या सगळ्याला एक काळी बाजू होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. बस्त्यातला सूट बहुतेक वेळा मुलीच्या बापाच्या खिशातून यायचा. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण यादीवर सूट, घड्याळ, अंगठी बिनदिक्कत लिहिली जायची. कुणी शुद्ध लोकरीचा हट्ट धरायचा, आणि बैलजोडी विकलेल्या बापाला दुकानातल्या गादीवर बसून गप्प राहावे लागायचे. पगारदार नवरदेवाने स्वतःच्या कमाईतून सूट शिवला असता तर ते दशक आठवताना जीव असा अडखळला नसता.

लग्नेही बहुतेक वैशाखातली. मांडवात उन्हाच्या झळा आणि अंगात अस्तर लावलेला कोट! म्हणून पुढाऱ्यांनी, ठेकेदारांनी आणि साखर कारखान्याच्या संचालकांनी सफारी पसंत केली. चार खिसे, अर्ध्या बाह्या, ना टाय ना अस्तर. ती सोयीची होती हे कबूल, पण तिच्यात कसब नव्हते. सफारीने शिंप्यांच्या एका पिढीची सवय मोडली, आणि कोटाचा हात एकदा मोडला की परत बसत नाही.

याच दशकात, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले अनेक जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. घाटावरच्या ज्या घरांत गिरणीचा पगार यायचा तिथे दिवाळीची कपडेखरेदी आटली. कापड कोणत्या खात्यात विणले, पोत कसा, भेसळ कुठे, हे घरी सांगणारी माणसेही त्या संपाबरोबर गेली.

बाकीचे दिवस भराभर पालटले. 1986 मध्ये रेमंडचाच पार्क अव्हेन्यू हा तयार कपड्यांचा ब्रँड आला, नव्वदीत रेमंडच्या ‘परिपूर्ण पुरुषा’च्या जाहिराती दूरचित्रवाणीवर आल्या, आणि सूट शिवायचा असतो हेच माणसे विसरत गेली. पुढची वर्षे कंटाळवाणी आहेत: मॉल, सेल, एकावर एक मोफत.

तयार कोट स्वस्त पडतो, कारण त्याच्या छातीत हाताने बसवलेले कॅनव्हास नसते. बहुतेक कोटांत डिंकाचा थर असलेले अस्तर गरम दाबाने चिकटवलेले असते. कोरड्या शहरात ते काही वर्षे निभते. राजूरच्या वर भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा सगळा पावसाचा मुलूख. घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. चार महिने कपाटात ओल धरते. अशा हवेत, आणि वर दोन-चार धुलाया व गरम इस्त्री झाल्यावर, तो डिंक सुटतो. छातीवर फुगे येतात आणि ते कशाने बसत नाहीत. डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत ठेवलेला हाताचा कोट बुरशी झटकून, उन्हात टाकून पुन्हा घालता येत असे. तयार कोटाच्या शिवणीत मायाही जेमतेम असते. वजन जरा वाढले की कोट संपला.

राजूरसारख्या बाजारगावातला शिंपी आज चेन बदलतो, जीन्स कापून आखूड करतो, शाळेचे गणवेश शिवतो. मुलांना तो हा धंदा शिकवत नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. चार दिवस खपून शिवलेल्या कोटाची शिलाई मागितली की गिऱ्हाईक तयार कोटाची किंमत तोंडावर फेकते.

तरी येत्या लग्नसराईत ज्याला सूट शिवायचाच आहे, त्याने मुहूर्ताच्या दोन महिने आधी हालचाल करावी. संगमनेर, नाशिक किंवा पुण्यात कोट शिवणारे जुने कारागीर अजून आहेत. कापड हातात देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: आत कॅनव्हास घालणार की चिकटवणार, शिवणीत माया किती सोडणार, आणि ट्रायल किती देणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असे उत्तर आले तर कापड उचलून पुढच्या दुकानात जावे. आणि कापडाचे पैसे नवरदेवाने स्वतः द्यावेत.