मानवाची उत्पत्ती : विज्ञान, धर्मश्रद्धा आणि तथागतांची दृष्टी

माणूस कोठून आला? विहारातील मुलांच्या वर्गात हा प्रश्न हमखास विचारला जातो. शाळेत विज्ञानाचे शिक्षक एक उत्तर देतात, गावातल्या कीर्तनात दुसरेच ऐकू येते आणि मूल विचारते, ‘मग आपला धम्म काय सांगतो?’ अशा वेळी आपल्यापैकी अनेक धम्मबांधव उत्साहाने सांगतात की, डार्विनने एकोणिसाव्या शतकात जे सांगितले ते भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. हेतू चांगला असला तरी हे उत्तर बरोबर नाही, असे आमचे मत आहे. ते का बरोबर नाही आणि त्याहून सरस असे कोणते उत्तर आपल्याजवळ आहे, याचा विचार येथे करू.

धर्मग्रंथांतील उत्पत्तिकथा

बायबलच्या पहिल्या ग्रंथात ईश्वराने मातीतून आदम घडविला व त्याच्या बरगडीपासून स्त्री निर्माण केली, अशी कथा आहे. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळ्या मोजून सृष्टीची निर्मिती इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाली, असे ठरविले. या कथेवरील श्रद्धा इतकी दृढ की, १९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकास उत्क्रांती शिकविल्याबद्दल शंभर डॉलर दंड ठोठावण्यात आला.

आपल्याकडील कथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात आहे. विराट पुरुषाचे मुख ब्राह्मण झाले, बाहू राजन्य झाले, मांड्या वैश्य झाल्या आणि पायांपासून शूद्र उत्पन्न झाला. दोन्ही कथांमधील एक भेद महत्त्वाचा आहे. आदमच्या कथेत सर्व माणसे निदान एकाच जोडप्याची लेकरे ठरतात. पुरुषसूक्तात मात्र उत्पत्तीच्या क्षणीच उच्चनीचता ठरून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात नेमके याच मर्मावर बोट ठेवले. सृष्टीची कथा सर्वच समाजांत असते. परंतु समाजातील वर्गांची उतरंड सृष्टीच्या कथेतच पवित्र करून ठेवणे, हे पुरुषसूक्ताचे वेगळेपण आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

विज्ञान काय सांगते

उत्क्रांती म्हणजे ‘माकडाचा माणूस झाला’ असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. आजचे कोणतेही माकड आपला पूर्वज नाही. चिंपांझी हा आपला आजोबा नव्हे, तर दूरचा चुलतभाऊ आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांच्या समान पूर्वजापासून दोन शाखा निघाल्या. एकाच जातीच्या जीवांमध्ये थोडेथोडे भेद असतात. ते पुढील पिढीत उतरतात. परिस्थितीला अनुकूल ठरणाऱ्या भेदांचे जीव अधिक संतती मागे ठेवतात. हजारो पिढ्यांत हे भेद साचत जातात व नवी जाती निर्माण होते. येथे कोणी कर्ता नाही, केवळ कारण आणि कार्य आहे.

याचे पुरावे दोन ठिकाणी आहेत. पहिला जमिनीखाली. मानवाचे आदिपूर्वज आफ्रिकेत असावेत, असे अनुमान डार्विनने १८७१ साली केले होते. इथियोपियातील हदार येथे १९७४ मध्ये सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर चालणाऱ्या परंतु लहान मेंदूच्या जीवाचा सांगाडा सापडला. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील अवशेषांवरून आपली स्वतःची जाती सुमारे ३ लाख वर्षे जुनी असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. दुसरा पुरावा आपल्या शरीरातच आहे. चिंपांझीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्या पेशीत २३. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र पूर्वजाची दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडून बनले असून त्या सांध्याची खूण आजही ओळखता येते.

अग्गञ्ञ सुत्ताचा खरा आशय

आता दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताकडे वळू. प्रसंग श्रावस्तीच्या पूर्वारामातील आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले वासेट्ठ व भारद्वाज संघात येऊ इच्छितात म्हणून त्यांचे जातभाई त्यांची निर्भर्त्सना करीत आहेत. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले असूनही तुम्ही ब्रह्म्याच्या पायांपासून जन्मलेल्या मुंडक्यांत जाता, असा त्यांचा आक्षेप आहे. तथागत विचारतात ते अगदी साधे आहे : ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसूत होतात, मुलांना दूध पाजतात, हे सर्वांना दिसते ना? मग मुखातून जन्मल्याची गोष्ट कोठली? ग्रंथाच्या दाव्याला येथे डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीने उत्तर दिले आहे.

त्यानंतर सुत्तात स्वयंप्रकाशी जीवांची कथा येते. ते पृथ्वीवरील रस चाखतात, त्यांची शरीरे जड होतात, पुढे स्त्रीपुरुषभेद, घर, धान्याचा साठा, शेताची हद्द, चोरी आणि शेवटी लोकांनी निवडलेला महासम्मत राजा असा क्रम लागतो. या कथेला डार्विनचा सिद्धान्त म्हणणे योग्य नाही. विज्ञानात साध्या जीवांपासून मानवापर्यंत वाटचाल आहे; येथे तेजस्वी जीवांचे अधःपतन आहे. काही अभ्यासक तर या कथेत ब्राह्मणी उत्पत्तिकथांचा उपहास पाहतात. सुत्ताचे सामर्थ्य वेगळेच आहे. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र हे सर्व एकाच जीवसमूहातून कामाच्या वाटणीने निर्माण झाले, कोणा देवाच्या अवयवांतून नव्हे, हे त्याचे सांगणे आहे.

वासेट्ठ सुत्तात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जातीची निरनिराळी लक्षणे दिसतात. माणसांमध्ये मात्र केस, डोळे, कान, हातपाय यांवरून तसा जातिभेद दिसत नाही. माणसांतील भेद केवळ नावाचे आहेत. हे निरीक्षण जीवशास्त्राच्या कसोटीला आजही उतरते. पृथ्वीवरील सर्व माणसे एकाच जातीची आहेत.

जात ही बंदी आहे, वंश नव्हे

विज्ञानाचाही दुरुपयोग होतो, हे विसरून चालणार नाही. वसाहतकाळात रिस्ले यांनी नाकांची मोजमापे घेऊन जातींना वंशांच्या पायरीवर बसविले. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात अशाच मोजमापांच्या आधारे उलट निष्कर्ष काढला : ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. त्याआधी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या सक्तीत दाखविले होते. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले व नंतर विवाहाची दारे बंद होत गेली, असे त्यातून दिसले. म्हणजे आपण मुळात मिसळलेले आहोत. भिंती मागाहून उभ्या राहिल्या. आणि जे मागाहून उभे राहिले, ते पाडताही येते.

म्हणूनच हा विषय केवळ पांडित्याचा नाही. २०१८ साली औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढे राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. उत्क्रांती अभ्यासातून गेली की रिकाम्या जागी जुनी उत्पत्तिकथा येऊन बसते. त्या कथेत आपले स्थान कोठे ठेवलेले आहे, हे आपणांस ठाऊक आहे.

मग त्या मुलाला काय सांगावे? आमचे उत्तर असे : माणूस कसा निर्माण झाला, हे विज्ञानाकडून शिक; उद्या नवा पुरावा मिळाला तर ते उत्तर सुधारायलाही तयार राहा. कालाम सुत्ताची शिकवण तीच आहे. धम्म तुला सांगतो की, कोणाच्या पोटी जन्मलास यावर तुझी योग्यता ठरत नाही. ती तुझ्या कर्मावर ठरते. बुद्धवचनाला मोठेपणा येण्यासाठी डार्विनच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि डार्विनला खरे ठरविण्यासाठी बुद्धवचनाची साक्ष काढण्याचीही गरज नाही. दोघांकडून आपण एकच गोष्ट शिकावी : पाहावे, तपासावे आणि जे खरे ठरेल ते निर्भयपणे स्वीकारावे.